मुस्तफा कोणत्या साली आला?

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम काढला. भंडाऱ्याच्या बसस्थानकावर उभे राहून चाळिशीतल्या माणसांना हे नाव विचारले, तर बहुतेक जण नकारार्थी मान हलवतील. 'मुस्तफा' म्हणा, की त्यांतल्या निम्म्यांचे चेहरे उजळतील. पिवळी टोपी, धावत येऊन हवेत मारलेली लाथ, मध्येच येणारे डायनोसॉर आणि मागे उभ्या पोरांचा गलका, सगळे एका शब्दासरशी परत येते.

मूळ गेममध्ये चार पात्रे होती. मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकी चित्रकथेवर तो बेतलेला होता आणि त्या कथेचा नायक जॅक टेनरेक. मुस्तफा कैरो हा त्याचा साथीदार. आपल्याकडे मात्र पोरांनी साथीदारालाच नायक केले आणि अख्ख्या गेमला त्याचे नाव दिले. हे बारसे कुठल्या गावात, कोणत्या दुकानात झाले आणि देशभर कसे पसरले, याबद्दल कंपनीच्या कागदपत्रांत काही सापडणार नाही. ते ठाऊक असलेली माणसे आज पस्तिशी ते पन्नाशीत आहेत, आणि त्यांना अजून कोणी विचारलेले नाही.

गेमची आज्ञावली वाचवण्याचे काम जगात बरेच पुढे गेले आहे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये 'मेम' नावाची प्रणाली पहिल्यांदा खुली केली. दुकानांतल्या यंत्रांच्या चिपमधली आज्ञावली काढून घ्यायची आणि साध्या संगणकावर ते यंत्र जसेच्या तसे चालवायचे, ही तिची कल्पना. तिच्यामुळे हजारो गेम वाचले. मुस्तफाच्या बाबतीत हे फारच गरजेचे होते, कारण कॅपकॉमचा हा गेम त्या काळी घरगुती यंत्रांसाठी निघालाच नाही. शिवाय त्याच्या मूळ पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, एक छोटी बॅटरी असते. आवाजाची आज्ञावली कुलूपबंद केलेली असते आणि कुलपाची किल्ली त्या बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि पाटी मुकी होते. तंत्रज्ञ तिला 'सुइसाइड बॅटरी' म्हणतात. नकली पाट्या कुणी बनवू नयेत म्हणून केलेली ही सोय अस्सल पाट्यांच्याच मुळावर आली.

अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१०च्या आधी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत, असे तिच्यात आढळले. जिथे हा उद्योग वाढला, तिथली ही स्थिती. आपल्याकडे तर पुस्तकाची प्रत ग्रंथालयांना द्यायचा १९५४चा कायदा आहे, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्यानुसार पुस्तके जमा होतात. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. गेमसाठी असा कायदा नाही.

पण आज्ञावली वाचली म्हणजे इतिहास वाचला असे होत नाही. मेमवर मुस्तफा आजही चालतो. एका डावाला किती पैसे पडत, नाणे टाकायचे की दुकानदाराकडून टोकन घ्यायचे, हरलेल्या पोराने जागा किती वेळात सोडायची, 'शेवटची लाइफ मला दे' असे म्हणायचा हक्क कुणाला होता, हे त्या संगणकाला माहीत नाही. गेम जपानचा किंवा अमेरिकेचा असेल. तो खेळण्याची रीत मात्र इथली होती.

शहापूरचेच पाहा. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना राष्ट्रीय महामार्गावर, भंडारा शहराच्या अलीकडे हे गाव लागते. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि तिची वसाहत. गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे आज मुले संगणकशास्त्र शिकतात. नोकरीची वसाहत, मोठा रस्ता आणि तासाभरावरचे नागपूर अशी तिन्ही जवळ असलेल्या गावात टीव्हीला जोडायचे गेमचे पहिले यंत्र कुणाच्या घरी आले असेल? सीताबर्डीच्या बाजारातून आले, की मुंबईच्या पाहुण्याने आणले? त्या घराच्या अंगणात संध्याकाळी किती चपला पडत? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. गावात पहिला रेडिओ आणि पहिला टीव्ही कुणाकडे आला हे जुनी माणसे आजही अभिमानाने सांगतात, कारण त्या वस्तूंनी गावाच्या संध्याकाळी बदलल्या. गेमच्या यंत्रानेही त्या बदलल्या, फक्त ज्यांच्या बदलल्या ती माणसे तेव्हा लहान होती.

निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र आणले. भारतात ते पोचले समुराई, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांच्या खोक्यांतून. त्यात घालायच्या प्लास्टिकच्या डबीला कंपनी काहीही म्हणो, आपण तिला कॅसेट म्हटले. गाण्याची कॅसेट, सिनेमाची कॅसेट, तशी गेमची कॅसेट. डबीवर '९९९९ इन १' असे ठसठशीत छापलेले असे आणि चालू केल्यावर पडद्यावर यादी सरकू लागे. यादी संपतच नसे. चार-आठ दिवसांनी लक्षात येई की गेम मोजकेच आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने, वेगळ्या स्टेजपासून सुरू होतात. ९९९९ हा आकडा खोटा होता. त्या यादीतून एकेक नाव उघडून पाहण्यात गेलेल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मात्र खऱ्या होत्या.

त्या कॅसेटला एक विधीही होता. पडद्यावर मुंग्या आल्या किंवा चित्राचे तुकडे झाले, की कॅसेट उपसायची, तिच्या तोंडात जोराने फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. हे कुणी शिकवले? जगभरच्या पोरांना एकाच वेळी कसे सुचले? निन्टेन्डोने तर फुंकर मारू नका असेच सांगितले होते, कारण श्वासातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. गेम सुरू होत असे तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. श्रेय मिळे फुंकरीला. आज कुणाच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल, तर तिच्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसेल. तो थरही त्या खेळाचाच पुरावा आहे.

'सुपर मारियो' या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. आठव्या जगात पोचलेल्या पोराच्या घरची लाइन गेली, की पुन्हा पहिल्या जगापासून सुरुवात. विदर्भातल्या भारनियमनाचे वेळापत्रक ज्यांना तोंडपाठ होते, त्यांनी खेळाची वेळही त्यावर बेतली असणार. सुपर मारियोवर जगात पुस्तकांचे ढीग लिहिले गेले आहेत. भारनियमनात मारियो कसा खेळत, हे लिहायला मात्र भंडाऱ्याचाच माणूस लागेल.

मग ती बंदूक. बदकांच्या गेमबरोबर येणारी. घोडा दाबताच पडदा क्षणभर पूर्ण काळा होई आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटे. डोळ्याला ते जेमतेम जाणवे. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन पाही. दिसला तर बदक पडले, नाही दिसला तर नेम चुकला. हे सगळे जुन्या, मागे मोठे पोट असलेल्या टीव्हीच्या चित्र आखण्याच्या वेगावर बेतलेले होते. आजच्या चपट्या टीव्हीला जोडली तर ती बंदूक आंधळी. म्हणजे कॅसेट जपली, यंत्र जपले, बंदूक जपली आणि टीव्ही भंगारात घातला, तर तो खेळ गेलाच. अशा वेळी तो कसा वाटत असे हे सांगणारा माणूसच उरतो.

माणसाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा? हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. 'आम्ही बंदूक पेटलेल्या बल्बकडे रोखायचो आणि बदक पडायचे,' असे कुणी सांगितले तर काय करायचे? आधी पडदा काळा करण्याची युक्ती बल्बचा असा फायदा कुणी घेऊ नये म्हणून उपयोगी पडते. तेव्हा एकतर आठवणीत गल्लत आहे, किंवा आपल्याकडच्या नकली यंत्रात ती तपासणीच नव्हती. दुसरी शक्यता खरी निघाली तर कुठल्याही परदेशी ग्रंथात नसलेली माहिती हाती लागेल. म्हणून अशी आठवण फेटाळायची नाही आणि तशीच छापायचीही नाही. लिहून घ्यायची, समोर प्रश्नचिन्ह टाकायचे आणि दुसऱ्या माणसाला विचारायचे.

जगात दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. अटारी कंपनीने १९८३ साली न खपलेल्या कॅसेट अमेरिकेतील अ‍ॅलमोगॉर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या, ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जात होती आणि कित्येक जण तिला दंतकथा समजत. कचऱ्याच्या धंद्यातल्या एका स्थानिक माणसाने आठवण आणि जुने फोटो जुळवून जागा दाखवली. एप्रिल २०१४ मध्ये तिथे खणले तेव्हा कॅसेट निघाल्या, सुमारे १,३०० वर काढल्या गेल्या. उलट 'पॉलिबियस' नावाचे एक यंत्र १९८१ साली पोर्टलंड शहरात होते आणि ते खेळून मुले आजारी पडत, अशी कथा आजही फिरते. ते यंत्र, त्याची पाटी, त्याचे बिल, काहीच कधी सापडले नाही. ही कथा लेखी स्वरूपात दिसते तीच मुळी २०००च्या सुमारास. दोन्ही गोष्टी सांगणारे तितक्याच खात्रीने सांगत होते. फरक पुराव्याने पडला.

ऑस्ट्रेलियात मेलनी स्वॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०च्या दशकात 'प्ले इट अगेन' नावाचा प्रकल्प चालवला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १९८०च्या दशकात तयार झालेल्या गेमचा हा शोध होता आणि त्याचा एक मोठा भाग म्हणजे लोकांच्या आठवणींचा संग्रह. ज्यांनी गेम बनवले त्यांच्याच नव्हे, खेळणाऱ्यांच्याही आठवणी त्यांनी मागवल्या. त्या देशांना वाटत होते की गेमचा इतिहास म्हणजे अमेरिका आणि जपानचा इतिहास. मेलबर्नमध्ये १९८२ साली 'द हॉबिट' हा गाजलेला गेम तयार झाला आणि तो लिहिणाऱ्या दोघांपैकी व्हेरोनिका मेग्लर तेव्हा विद्यार्थिनी होत्या, हे तिथल्याच कितीतरी लोकांना ठाऊक नव्हते.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या; त्या एक लाखाहून जास्त भरल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या फक्त गळ्यात उरल्या, तेव्हा हे काम झाले. थोडा उशीर झाला असता तर त्यांतल्या कित्येक गेल्याच असत्या. भंडारा जिल्ह्यात तर आणखी जवळचे उदाहरण आहे. साकोली भागातल्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचे शब्द लोकांच्या तोंडून टिपून त्यांचा कोश सिद्ध केला. बोली अशुद्ध आहे असे म्हणणाऱ्यांच्या काळात त्यांनी ती कोशात बसवली. व्हिडिओ गेम म्हणजे वेळेची नासाडी असे मानणाऱ्या काळात गेमच्या आठवणी गोळा करणे हे त्याच जातीचे काम आहे. ओवी आणि मुस्तफा यांची बरोबरी करण्याचा हा प्रयत्न नाही. गोळा करण्याची पद्धत आणि उशीर झाल्यावर होणारे नुकसान मात्र सारखे आहे.

पद्धतीत सगळ्यात अवघड असते ते साल. 'तुम्ही मुस्तफा कधी खेळलात?' असे विचारले तर 'लहानपणी' हेच उत्तर येते. एखादा ठामपणे १९९१ सांगतो, आणि गेम तर १९९३चा. म्हणून साल विचारायचेच नाही, खुणा विचारायच्या. गोंदिया तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते की वेगळे झाले होते? गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. टीव्हीवर 'शक्तिमान' लागत होते का? ते सुरू झाले १९९७ साली. सचिन ज्या विश्वचषकात ईडन गार्डन्सवर बाद झाला आणि मैदानात बाटल्या पडल्या, त्या १९९६च्या आधीची गोष्ट की नंतरची? तुमची दहावी कोणत्या वर्षी? अशा दोन-तीन खुणा जुळल्या की साल आपोआप हाती येते, आणि ते बोलणाऱ्याने अंदाजे सांगितलेल्या सालापेक्षा पक्के असते.

कागदही अगदीच नाहीत असे नाही. महाराष्ट्रात व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर करमणूक शुल्क लागत असे. ते शुल्क पाहणारी शाखा जिल्हाधिकारी कार्यालयात असे. त्या काळच्या नोंदी जिथे शिल्लक असतील, तिथे कोणत्या पेठेत किती यंत्रे होती हे कळू शकते. दुकानदाराची आठवण एका हाताशी आणि शुल्काची नोंद दुसऱ्या हाताशी असली, तर जिल्ह्याच्या गेम पार्लरचा नकाशा काढता येईल. चिप, डिजिट यांसारख्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीही कुणाच्या तरी कपाटात असतील. सीडी कायमची टिकते हा समज चुकीचा आहे. घरी लिहिलेल्या सीडीचा थर उन्हाने, दमटपणाने खराब होतो, आणि भंडाऱ्यात ऊन नि पाऊस दोन्ही भरपूर.

कुणाला विचारायचे हेही ठरवायला हवे. पार्लरमध्ये खेळणारी पोरे लगेच बोलतील. पण पार्लरच्या दारात मुली फारशा उभ्या राहत नसत. त्यांचा खेळ घरच्या यंत्रावर, भाऊ क्रिकेटला गेल्यावर झाला असेल, आणि तो कुणीच पाहिलेला नाही. त्या बहिणींना विचारल्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहील. यंत्र दुरुस्त करणाऱ्यांना विचारायला हवे. जॉयस्टिकच्या बुडाशी असलेला बारीक स्विच हजारो धक्क्यांनी झिजतो, तो त्यांनी कुठून आणला? नकली पाटी त्यांनी कशी ओळखली? आणि सरकारी कचेरीतल्या निवृत्त कारकुनांनाही विचारायला हवे. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे लाखो मराठी माणसांचा हात पहिल्यांदा माऊसवर गेला. विंडोजमध्ये १९९० पासून पत्त्यांचा गेम होता. पत्ता उचलून दुसऱ्या जागी ठेवता ठेवता माऊस धरायला शिकलेली किती माणसे जिल्हा परिषदेत आणि तहसीलमध्ये असतील! गेमच्या इतिहासात त्यांचे नाव कुणी घेत नाही, हे बरोबर नाही.

बनवणाऱ्यांच्या आठवणी जपल्या गेल्या की काय होते, याचे एक सुंदर उदाहरण म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम. जॉर्डन मेक्नर यांनी तो १९८९ साली काढला. राजपुत्राची धाव खरी वाटावी म्हणून त्यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. त्या दिवसांत ते डायरीही लिहीत होते. मूळ आज्ञावलीच्या फ्लॉपी हरवल्या असे समजले जात होते; २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात त्या सापडल्या आणि जाणकारांच्या मदतीने वाचता आल्या. महाराष्ट्रातल्या संगणक क्लासमध्ये हाच राजपुत्र खालच्या खड्ड्यातल्या सुळ्यांवर कितीदा पडला असेल. पण क्लासच्या सरांची नजर चुकवून तो सुरू कसा करायचा, याची डायरी कुणी लिहिली नाही.

'कॉन्ट्रा' या गेममध्ये तीस लाइफ मिळवायच्या युक्तीचेही तसेच. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी ही युक्ती आधी 'ग्रॅडियस' या गेममध्ये घातली, कारण तो तपासताना त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. २०२० साली ते वारले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली. आपल्याकडे ही युक्ती कानोकान आली. वहीच्या मागच्या पानावर बाणांच्या खुणांनी ती उतरवलेली असे. असे एखादे पान अजून कुणाच्या घरी असेल, तर ते जुन्या पत्रासारखे जपायला हवे.

शहापूरच्या महाविद्यालयातली मुले हे काम हाती घेऊ शकतात. त्यासाठी अनुदान लागत नाही. फोनवर आवाज टिपता येतो. बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी, त्याचे शब्द सुधारू नयेत, झाडीबोलीत बोलला तर झाडीबोलीतच ठेवावे. कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे, यंत्राच्या खालच्या पट्टीचे फोटो काढावेत. वीस-पंचवीस वर्षे पडून असलेले यंत्र जाणकाराने पाहिल्याशिवाय विजेला जोडू नये. ध्वनिमुद्रणाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक गावाच्या वाचनालयात ठेवावी.

आणि ज्यांच्या घरी यंत्र होते त्यांनी वाट पाहू नये. या दिवाळीत माळा साफ करताना जुने खोके हाती लागले, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहून त्यात ठेवाव्यात: हे कुणी आणले, कुठून आणले, केवढ्याला पडले, आणि पहिल्या दिवशी कोण कोण खेळायला आले होते.